गाठीला हात लावायचा नाही

साहेब खोलीत आले की उठायचं नाही, बसून राहायचं. वकिलांनी यांना एवढं एकच काम सांगितलं होतं, आणि नेमकं तेवढंच यांच्याच्यानं व्हायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. धारवाडच्या कचेरीतल्या त्या सुनावणीच्या आधी कितीतरी दिवस माझा जीव या एका गोष्टीपायी टांगणीला लागला होता. लोक अपिलाच्या आधी साक्षीपुराव्याची काळजी करतात. मी नवऱ्याच्या शिष्टाचाराची करत होते.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. हे हुबळीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. आम्ही कमरीपेठेत राहायचो, पुढं लोहाराचं दुकान आणि मागं आमच्या दोन खोल्या. अळणावरला माझे धाकटे दीर शेती बघत. त्यांच्याकडचं लग्न आटोपून परत येताना ओढ्याच्या उतारावर आमची चक्कडी उलटली. ती हलकी बैलगाडी, उलटायला कितीसा वेळ लागणार! बैलांना काही झालं नाही, गाडीवानाला खरचटलं, मी चिखलात पडले. हे मात्र पाठीवर पडले, आणि पाठीखाली दगड होता.

उजवा पाय पार गेला. डावा होता म्हणायला, पण भार टाकला की गुडघ्यातून मुडपायचा. तासभर बसले की पाठीतून अशा कळा निघत की आडवंच व्हावं लागे. डॉक्टर झाले, हाडवैद्य झाला, तेल-शेक झाले. विचारलं की यांचं एकच उत्तर, "आखडलेत जरा." मी म्हणायची, "आखडायला ते पाय आहेत की दोरखंड!" त्यावर हे हसायचे.

उठायची एक रीत आम्ही दोघांनी घरातच बसवली होती. कोटाच्या आत कमरेला एक जुनं उपरणं घट्ट आवळायचं आणि गाठ मागं घ्यायची. हे डाव्या हातानं काठी रोवायचे. मी उजवीकडं खेटून उभी राहायची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि पदराआडून माझा हात कोटाखाली त्या गाठीला. हे घशातल्या घशात "हं" म्हणाले की मी गाठ वर ओढायची आणि खांदा काखेत द्यायची. बघणाऱ्याला वाटायचं, मास्तर जरा सावकाश उठले, एवढंच. पोरांचे आईबाप भेटायला येत, शाळेतले मास्तर येत, कुणाला कधी कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं हे म्हणायचे, आणि मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. भल्या घरचा माणूस दारी आलेल्यापुढं बसून कसा राहील?

याच झाकल्या मुठीनं आमचा घात केला. मास्तर कामाला नालायक झाले तर त्यांना पेन्शन मिळायची सोय होती, पण त्यासाठी सरकारी डॉक्टरांपुढं तपासणी व्हायची. आम्ही गेलो. मला आत घेत नव्हते, पण माझ्याशिवाय हे दारातून आत जाऊच शकत नव्हते, तेव्हा घेतलं. डॉक्टरसाहेब आले. सगळे उठले. हे "हं" म्हणाले आणि मी गाठ ओढली. इतकं सुरेख जमलं होतं म्हणून सांगू! यांनी वर हात जोडून नमस्कारसुद्धा केला. डॉक्टरांनी विचारलं, "पाय कसे आहेत?" हे म्हणाले, "बरे आहेत. आखडतात थोडे." ते पाय दाबून बघायला गेले तर हे कळ गिळून गप्प. बाहेर आल्यावर आम्ही दोघं खुशीत होतो, बाई! परीक्षेत पास झाल्यासारखे.

आणि झालोच होतो की पास! "आधाराशिवाय उभा राहतो, कामास लायक," असा शेरा पडला. वर हुकूम आला, कलघटगीकडच्या एका खेड्यातल्या शाळेवर हजर व्हा. हजर झाला नाहीत तर नोकरी गेली आणि पेन्शनही गेली. त्या खेड्यात मोटार जात नव्हती. शाळेला पायऱ्या होत्या. दिवसभर पोरांपुढं बसायचं तर हे दुपारपर्यंतसुद्धा टिकले नसते.

पेन्शन गेली असती तर पुढचं ठरलेलंच होतं. दिरांनी निरोप धाडला होता, "दादाला इकडं घेऊन या, ओसरीवर खाट टाकू." दीर चांगले होते हो, त्यांना नावं ठेवणार नाही. पण ओसरीवरची ती खाट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. येणारा-जाणारा बघणार, जाऊ पाणी द्यायला विसरणार, आणि मागणं हा यांचा स्वभावच नाही. हे तिथं सुकून गेले असते. "आखडलेत जरा" म्हणत म्हणत गेले असते.

म्हणून अपील केलं. धारवाडचे एक म्हातारे वकील यांच्या वडिलांच्या ओळखीचे होते. तपकीर ओढत त्यांनी सगळा शेरा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, हा माणूस उभा राहतो?"

"मी उभं करते."

"ते तुम्ही म्हणता. बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार, असंच वरचे साहेब म्हणतील. कागद म्हणतो, उभा राहतो. आता साहेबांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे." मग यांच्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही बोलू नका, काही करू नका. साहेब आले की फक्त बसून राहा. बाकी मी बघतो."

हे म्हणाले, "साहेब आल्यावर?"

"होय."

"बसून?"

"अहो, बसून म्हणजे बसून!"

 हे नुसते कोटाचं बटण चाचपत राहिले. 

घरी आल्यावर मी समजावून बघितलं, भांडून बघितलं. हे म्हणाले, "अगं, मोठं माणूस आत आल्यावर उठायचं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. उठले नाहीत म्हणून छड्या मारल्यात."

"मग त्यांतल्या एखाद्या पोराला बोलवा आणि म्हणावं आता मला मार! पोटाला काय घालायचं ते सांगा आधी."

"उद्धटपणा वाटेल गं तो."

"वाटू दे की! पाय नाहीत, तर नम्रता कुठून आणणार?"

हे कूस वळवून पडले. माझी जीभ फार चालते, मला माहीत आहे. पण भीती पोटात मावेना की ती माझ्या तोंडावाटे अशीच बाहेर पडते. मग मी घरात सराव सुरू केला. शेजारच्या लोहाराची बायको, तिला आम्ही अक्का म्हणायचो, तिला सगळं समजावलं. तिनं बाहेरून साहेबासारखं खाकरत यायचं आणि यांनी बसून राहायचं. अक्का पदर खोचून, मान ताठ करून, "येनऽ मास्तर!" काय मास्तर, असं म्हणत आत आली, आणि हे खुर्चीतून पुढं सरकलेच. काठीला हात गेलाच. अक्का पोट धरून हसायला लागली. "अय्यो, नन्न मुंदेनू एळतारल्ला," म्हणाली, माझ्यासमोरसुद्धा उठताहेत की! आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच. अक्का हसत होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळपासून यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. कचेरीत मोरीला जायचं झालं तर कुठं जाणार, कोण नेणार? अक्कानं दह्यातली अवलक्की, म्हणजे दहीपोहे, डब्यात भरून दिली, तीही तशीच राहिली. मी यांना कोट घातला, आत उपरणं आवळलं, गाठ मागं घेतली. सवयीनं घेतली. ते सैल सोडायचं माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि तसंही उपरण्याशिवाय यांना बसताही येत नव्हतं.

हुबळी स्टेशनात हमालानं यांना उचलून डब्यात ठेवलं. हे त्याला म्हणतात, "जपून रे, तुझी पाठ सांभाळ." मला हसू येईना की रडू येईना. गाडी सुटली. हे खिडकीतून काळ्या रानाकडं बघत होते. खूप वेळानं, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बसून राहणं मला व्हायचं नाही. सांगून ठेवतो."

मी कपाळाला हात लावला. "अहो, मग कशाला निघालो आपण?"

"ऐक. मी उठणार. मला उठायलाच हवं. पण या वेळी तू गाठीला हात लावायचा नाही."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "पडाल!"

"पडेन."

"डोकं फुटेल. आहे ती पाठही जाईल."

"काय व्हायचं ते होईल. तू मध्ये यायचं नाहीस. खांदा नाही, हात नाही. कबूल कर."

मी कबूल केलं नाही. नाहीही म्हटलं नाही. डब्यात समोर एक म्हातारी बसली होती, तिनं कानडीत विचारलं, "आराम इदीरेन्री?" सगळं ठीक ना? हे हसून म्हणाले, "आराम, आराम." मला असा राग आला म्हणता!

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं. साहेब यायला उशीर होता. उन्हं चढली. यांच्या पाठीच्या कळा सुरू झाल्याचं मला कपाळावरच्या घामावरून कळलं. मी म्हटलं, "आडवे व्हा ना बाकावर. बघू दे सगळ्यांना." यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही भलतंच बोलले. कचेरीत झोपायचं म्हणजे काय! पट्टेवाला जवळून गेला तरी यांची मांडी हलायची. कारकून गेला तरी हलायची. आणि प्रत्येक वेळी माझा हात आपसूक यांच्या पाठीकडं जायचा. मी तो ओढून मांडीवर आणायची. हाताला काय ठाऊक आज काय ठरलंय! त्याला एवढंच ठाऊक होतं की हे हलले की धरायचं.

मला वाटत होतं, मी धरणार. कितीही ठरवलं तरी मी धरणारच, आणि आम्ही दोघं मिळून पुन्हा एकदा सुरेख उभे राहणार, आणि सगळं संपणार.

आत बोलावलं. खोलीत एक मोठं टेबल, बाजूला कारकून, भिंतीशी खुर्च्या. साहेब अजून आतल्या खोलीत होते. पट्टेवाल्यानं आणि वकिलांनी मिळून यांना खुर्चीत बसवलं. वकील यांच्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, लक्षात आहे ना?" यांनी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांना काय माहीत! मी उजवीकडं उभी राहिले. पदर घेतला, डावा हात पदरात गुंडाळला आणि उजव्या हातानं वरून घट्ट आवळून धरला.

आतलं दार उघडलं.

कारकून उठला, वकील उठले, पट्टेवाला ताठ झाला. साहेब आत आले. कानडी मुलखातलेच, डोक्याला रुमाल, हातात कागद. हे पुढं सरकले. काठी रोवली. वकिलांच्या तोंडून "च्च्" असा आवाज निघाला. यांनी घशातल्या घशात "हं" म्हटलं. सवयीनं म्हटलं असणार, पण माझा गुंडाळलेला हात सुटायला लागला. मी नखं रुतवली.

आणि हे उठले.

अहो, खरंच उठले! मी हात लावला नव्हता. काठीवर सगळा भार, मानेच्या शिरा तटतटलेल्या, डावा गुडघा थरथरतोय, पण उभे होते. कोटाची बटणं सरळ, मान ताठ, वर्गात उभे राहायचे तसे. साहेबांनी कागदातून वर बघितलं. मग खाली, त्या शेऱ्याकडं बघितलं. मग पुन्हा यांच्याकडं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आता ते म्हणणार, उभा तर आहे की हा.

त्या क्षणी मी देवीला हाक मारली. ज्या देवीकडं मी दर मंगळवारी यांचे पाय मागत होते, तिलाच. म्हटलं, आई, पाड यांना. आत्ता पाड.

गुडघा मुडपला. काठी फरशीवर घसरली आणि हे पुढं कोसळले. टेबलाचा कोपरा कपाळाला लागल्याचा आवाज आला. "हिडीरी! हिडीरी!" धरा, धरा, असं साहेबच ओरडले. मी अजून हात आवळूनच उभी होते. पट्टेवाला धावला. वकिलांचा चष्मा पडला. हे फरशीवरून, भुवईतून रक्त येत असताना, म्हणतात, "माफ करा साहेब. तसदी झाली."

मग मात्र मी खाली बसले आणि यांचं डोकं मांडीवर घेतलं.

यांना उचलून खुर्चीत बसवलं, कपाळाला ओला फडका बांधला. साहेब टेबलाला वळसा घालून आले. "पण मागच्या तपासणीत हे उभे राहिले, असं लिहिलंय," त्यांनी वकिलांना विचारलं. वकील तोंड उघडणार इतक्यात मी म्हणाले, "मी धरलं होतं."

"तुम्ही? डॉक्टरांना दिसलं नाही?"

"दिसू नये म्हणूनच धरलं होतं." आणि एवढ्या पुरुषांदेखत मी यांच्या कोटाची मागची बाजू वर केली आणि ती गाठ दाखवली. हे मान खाली घालून बसले होते. मी सांगत गेले, पदर कसा घेते, "हं" कसं म्हणतात, खांदा कुठं देते. माझा आवाज चिरकत होता आणि थांबताही येत नव्हतं. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, हे तेव्हाच सांगायचं नाही का?"

"चारचौघांत नवऱ्याचं सांगायचं असतं होय?" मी म्हटलं.

त्यांनी कारकुनाला सांगितलं, तो लिहीत गेला. आधीचा शेरा रद्द. हजर होण्याचा हुकूम रद्द. कामास कायमचा असमर्थ, पेन्शनला पात्र. एकेक शब्द ते मोठ्यानं, सावकाश सांगत होते. वकील माझ्याकडं बघून डोळ्यांनीच "झालं" म्हणाले. साहेब जायला वळले तेव्हा यांची मांडी पुन्हा हलली. साहेबांनी ते बघितलं आणि हातानं खूण केली, "कूडरी, मास्तर, कूडरी." बसा, बसा. हे बसून राहिले.

परतीचा टांगा स्टेशनाकडं निघाला. मी यांना खेटून बसले होते, हात गाठीला, धक्का बसला तर सावरायला. फडक्यातून रक्त झिरपायचं थांबलं होतं. अळणावरची ओसरी टळली होती, घर राहिलं होतं, आणि मला आनंद व्हायला हवा होता.  यांनी तांब्यातलं पाणी मागितलं. सकाळपासून पहिल्यांदाच. सगळा तांब्या घटाघटा प्यायले आणि तोंड पुसून माझ्याकडं वळले. डोळे चमकत होते. पाठ मोडल्यापासून असा चेहरा मी बघितला नव्हता.

"पडायच्या आधी," हे म्हणाले, "क्षणभर उभा होतो गं मी. कुणी न धरता. तू बघितलंस ना?"

देवीपाशी मी काय मागितलं ते या माणसाला मी जन्मात सांगितलं नाही.

"बघितलं की," मी म्हटलं. "चांगले उभे होतात."